अधिक, उणे, समान

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. एकच गोष्ट कुणी दोनदा विचारली की माझं डोकं फिरतं. त्या दिवशी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी शंकाबाई तिसऱ्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, तेव्हा मी स्क्रीनवरून नजर न उचलताच म्हणाले, "आता काय राहिलं?"

शंकाबाई हे तिचं खरं नाव नव्हे. आम्ही लिहिलेले प्रोग्राम कुठे फसतात ते शोधायचं काम तिच्याकडे. त्यामुळे दिवसभर ती शंका काढते आणि दिवसभर आम्ही तिच्या नावानं बोटं मोडतो.

"तुझं ते चिन्हाचं फंक्शन मी दुसऱ्या कामात वापरतेय," ती म्हणाली. "त्याला अर्धा दिला तर ते शून्य सांगतं."

"सांगणारच. ते पूर्णांकांसाठी आहे. दशांशाच्या पुढचं सगळं गळून पडतं, आणि मग उरतं ते तपासलं जातं."

"म्हणजे शून्य पूर्णांक नऊ दिलं तरी शून्य?"

"तरी शून्य. पण देणार कोण? ते गोदीच्या दारासाठी लिहिलंय. तिथे सेंटिमीटर येतात. पूर्ण सेंटिमीटर."

शंकाबाई अजून काहीतरी विचारत होती, पण मला ते ऐकू येईना.

चिन्ह ओळखणं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम. संख्या शून्याहून मोठी असेल तर अधिक, लहान असेल तर उणे, आणि दोन्ही नसेल तर शून्य. तीन ओळी. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात देतात. सहा वर्षांपूर्वी मी त्या तीन ओळी गोदीसाठी लिहिल्या, आणि त्यांच्यावर एक दिवा टांगला.

गोदी म्हणजे नदीच्या काठाला खणलेला मोठा हौद. त्यात बोटी उभ्या राहतात. नदी आणि हौद यांच्या मध्ये लोखंडी दार आहे, आणि दाराच्या तळाशी अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर उंच अशी एक खिडकी. पाणी आतबाहेर सोडायला. त्या खिडकीत गाळ आणि लाकडं अडकतात, म्हणून दर दोन महिन्यांनी पाणबुड्या उतरून ती साफ करतो. मात्र दोन्हीकडचं पाणी एका पातळीत असेल तेव्हाच उतरायचं. एका बाजूचं पाणी वर असेल तर सगळा दाब त्या खिडकीवर येतो, आणि तिथलं लाकूड हललं की समोर जे असेल ते आत खेचलं जातं. मोरीच्या भोकावर फडकं जाऊन बसतं, तसा माणूस जाऊन बसतो.

माझा प्रोग्राम बाहेरच्या पाण्यातून आतलं पाणी वजा करायचा आणि आलेल्या फरकाचं चिन्ह बघायचा. अधिक असो की उणे, दिवा लाल. शून्य असेल तरच हिरवा.

चार दिवसांपूर्वी गोदीत पाणी मोजायची नवी यंत्रं बसली. त्याआधी मला पत्र आलं होतं: नवी यंत्रं सेंटिमीटरऐवजी मीटरमध्ये आकडे देतील, तुमच्या बाजूनं काही बदल करावा लागेल का? मी तेव्हा फोनवर कुणाशी तरी भांडत होते. भांडता भांडता एका हातानं मी उत्तर टाकलं: "चालेल."

मी गोदीचं पान उघडलं. बाहेरचं पाणी ४.८१. आतलं पाणी ४.१९. फरक ०.६२. त्याखाली चिन्ह: ०. त्याखाली दिवा: हिरवा.

बासष्ट सेंटिमीटर वर चढलेली नदी, आणि माझ्या तीन ओळी शांतपणे म्हणत होत्या की पाणी समान आहे. चार दिवस त्या हेच म्हणत होत्या. नदी हौदापेक्षा पूर्ण मीटरभर वर गेली असती तरच त्यांचं मत बदललं असतं.

"आज कोण उतरतंय का?" शंकाबाईनं विचारलं. तिला सगळं कळलं होतं. अशा बायकांना कळतंच.

"माझा दादा," मी म्हणाले. "साडेदहाला."

फोन हातात होता आणि नंबर सापडत नव्हता. सकाळीच दादाचा मेसेज आला होता, मिरचे, आज तुझ्या खिडकीत जातोय, संध्याकाळी जेवायला ये. मिरची म्हणजे मी. तो लहानपणापासून तसंच म्हणतो.

दादाचा फोन वाजत राहिला. चावीकाकांचा फोन वाजत राहिला. चावीकाका दाराचे राखणदार, तीस वर्षं गोदीच्या सगळ्या चाव्या त्यांच्या कमरेला, आणि दादा उतरला की त्याची दोरी त्यांच्याच हातात. कुणीच उचलणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पाणबुड्या उतरणार असला की गोदीवर सगळे आपापले फोन पत्र्याच्या डब्यात ठेवतात आणि डबा खोलीत बंद करतात. एकदा कुणीतरी फोन घ्यायला दोरी सोडली होती, तेव्हापासूनचा नियम आहे. मी तरीही पुन्हा पुन्हा फोन लावत होते. त्या डब्यात दोन फोन आळीपाळीनं वाजत असतील आणि बाहेर कुणाला गंधही नसेल, हे डोळ्यांपुढे येत होतं.

"दिवा इथून लाल कर की," शंकाबाई म्हणाली.

"इथून फक्त बघता येतं. बदलायचं तर तिथे जावं लागतं."

तिनं पुढे काही विचारलं नाही. ती माझ्या खुर्चीत बसली आणि गोदीच्या मुख्य कचेरीला फोन लावू लागली. "तू नीघ," म्हणाली. "मी इथून सोडत नाही कुणाला."

जिन्यातूनच मी वहिनीला फोन केला. तिचं शिवणकामाचं दुकान गोदीपासून दोन गल्ल्यांवर आहे. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता.

"काय वन्सं, आज सकाळी सकाळी आठवण?" ती म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते.

"वहिनी, हातातलं टाक आणि गोदीवर पळ. दादाला पाण्यात उतरू देऊ नको."

मशीन थांबलं. "काय झालं?"

"काहीतरी बिघडलंय तिथे. पळ तू आधी."

"काय बिघडलंय गं?"

"नंतर सांगते. पळ."

तिनं फोन बंदही केला नाही. चपलांचा आवाज आला, दाराचा आला, मग नुसता तिचा श्वास, आणि मग फोन तुटला तो पुन्हा लागलाच नाही. आणि मला आजही स्वतःची किळस येते ती या गोष्टीची, की तेवढ्या घाईतही मी "माझी चूक" हे दोन शब्द सफाईनं गिळले होते. पळ म्हणायला वेळ होता, तर तेही म्हणायला होता.

टॅक्सीवाला सज्जन निघाला, हीच पंचाईत झाली. प्रत्येक सिग्नलला थांबायचा, रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाला हातानं वाट द्यायचा. मी त्याला म्हणाले, माझा भाऊ मरतोय. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात? फोनवर आकडा होता, तोच बघत राहिले. ०.६२. ०.६२. ०.६१. देवाला मी कधी काही मागत नाही, पण त्या टॅक्सीत मी एका वजाबाकीपुढे हात जोडून बसले होते. शून्य हो म्हणत होते, खरोखरचं शून्य हो.

मधेच मनाला दुसरीच आशा सुटायची. दादाला कामाचा कंटाळा आला असेल. चावीकाकांचा चहा व्हायचा असेल. रबरी पोशाखाची चेन अडकली असेल, नेहमीच अडकते. माणूस किती फालतू गोष्टींना लोंबकळतो.

गोदीच्या फाटकापासून मी पळत गेले. दाराच्या माथ्यावर लोखंडी पट्टीचा अरुंद रस्ता आहे, त्यावर चावीकाका पाय रोवून उभे होते. दोरी त्यांच्या हातातून सरळ पाण्यात गेली होती आणि ताठ होती. बाजूला हवेचा पंप धडधडत होता. गोदीच्या कारखान्यातले दोन फिटर काकांच्या मागे उभे होते. वहिनी पट्टीवर आडवी पडून पाण्यात बघत होती. पाणी गढूळ होतं, त्यात काही दिसत नव्हतं.

खांबावर माझा दिवा होता. हिरवागार.

"लवकर उतरला," चावीकाका माझ्याकडे न बघता म्हणाले. "दिवा हिरवा होता, पाणीही शांत, म्हणाला अर्धा तास आधीच संपवतो. लाकूड हललं असणार. तीन हिसके आले."

दोरीची भाषा मला लहानपणापासून येते, दादानं घरात पडद्याच्या दोरीवर शिकवली होती. एक हिसका म्हणजे मी ठीक. दोन म्हणजे सैल सोडा. चार म्हणजे वर घ्या. तीन म्हणजे अडकलो.

"मी आले तेव्हा दोरी अशीच होती," वहिनी म्हणाली. तिच्या पायात एकच चप्पल होती.

काकांच्या पायाशी दोन ओल्या दोऱ्या पडल्या होत्या, टोकाला शिसं बांधलेल्या. वरून नुसतं बघून फरक कळत नाही, म्हणून माझा दिवा यायच्या आधी काका याच दोऱ्यांनी पाणी मोजायचे. एक नदीत सोडायची, एक हौदात, वर ओढून ओल शेजारी शेजारी धरून बघायची. मीच त्यांना हसले होते. काका, आता हे म्युझियमला देऊन टाका, म्हणाले होते, आणि त्यांनी बापड्यांनी दोऱ्या खरंच खुंटीला टांगून ठेवल्या होत्या.

"दोऱ्या दीड हाताचा फरक सांगतात, पोरी," काका हळू आवाजात म्हणाले. "दिवा म्हणतो फरक नाही. खरं कोण?"

"दोऱ्या," मी म्हणाले.

पलीकडच्या लहान दाराकडे काकांनी आधीच दोघांना पिटाळलं होतं. ते तिथलं चाक हातानं फिरवून नदीचं पाणी हौदात घेत होते. हौद भरत गेला की फरक कमी होणार, फरक कमी झाला की दाब कमी होणार, तेव्हा दादा सुटणार. दुसरा मार्ग नव्हता. हवा नळीतून जात होती, ती संपणार नव्हती. पण पाणी बर्फासारखं होतं, आणि दादाचा पाय खिडकीत होता, आणि त्या पायावर दीडशे किलोचं ओझं होतं. हा हिशेब मला कुणी विचारला नव्हता. तो आपोआप डोक्यात होत होता, दर मिनिटाला नवा.

"ओढा ना त्यांना," वहिनी म्हणाली. "एवढे चार जण आहात, ओढा."

"आत्ता ओढला तर पाय तिथेच राहील, आणि माणूस हातात येईल तो रिकामा," काका म्हणाले. मग दोरी माझ्या हातात दिली. "तू धर. मी पंपाकडे बघतो, त्याची लय बिघडतेय. मिनिटाला एक हिसका दे. उत्तर येतं का सांग."

मी एक हिसका दिला. खालून एक हिसका आला. मी ठीक. तो खोटं बोलत होता, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं. पण त्याचा हात चालत होता, आणि तेवढंच हवं होतं.

०.५४. एक हिसका, एक उत्तर.

०.४९. एक हिसका, एक उत्तर.

वहिनी उठून माझ्या मागे आली आणि तिनं माझा खांदा धरला. बोटं हाडापर्यंत रुतली. "तू इतक्या लांबून कळवलंस म्हणून," ती म्हणाली, "नाहीतर आम्हाला कळलंही नसतं." मी आकड्याकडे बघत राहिले. माझ्या तोंडात शब्द येऊन बसले होते आणि मी ते बाहेर सोडत नव्हते. आत्ता नको, दादा वर आला की, असं स्वतःला समजावत होते. भित्री माणसं अशीच मुदती मागतात.

०.३८ ला उत्तर उशिरा आलं. ०.३३ ला आलं ते इतकं हलकं, की ते पाण्याचं होतं का त्याचं, ते सांगता येईना. मी पुन्हा हिसका दिला. काही नाही. थांबले, पुन्हा दिला. दोरी ताठच होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं असं वाटलं.

"काका," मी म्हणाले, "उत्तर येत नाही."

वहिनी माझ्या कानाशी रडत नव्हती, नुसती "ओढा, ओढा" म्हणत होती, कुणी झोपेत बोलावं तशी. फिटर काकांकडे बघत होते. काका माझ्याकडे.

"आकडा किती?"

"एकोणतीस."

"किती झाला की ओढायचं? तू सांग. तुला त्या आकड्याचं कळतं."

पायावर अजून सत्तर-बहात्तर किलो. पाय नक्की कसा अडकलाय ते वरून दिसत नव्हतं. आत्ता ओढलं तर गुडघा तुटेल. शून्याची वाट बघितली तर आणखी वीस मिनिटं, आणि बर्फाच्या पाण्यात शुद्ध हरपलेला माणूस तोंडातली नळी किती वेळ धरतो? यासाठी अधिक नव्हतं आणि उणे नव्हतं. जन्मभर मी यंत्राला सांगत आले की या बाजूला असेल तर हे कर, त्या बाजूला असेल तर ते कर. आता माझ्याकडे चार माणसं बघत होती आणि मला बाजूच कळत नव्हती. आकडा २६ झाला.

"ओढा," मी म्हणाले.

आम्ही पाचही जणांनी दोरी धरली. पहिल्या ओढीला काहीच हललं नाही. दुसऱ्या ओढीला खालून काहीतरी तुटल्याचं दोरीतून माझ्या तळव्यांना कळलं, ऐकू काही आलं नाही. मग दोरी एकदम सैल झाली आणि आम्ही एकमेकांवर पडलो. काकांनी न पडता हात मारत दोरी वर घेतली. दादाचं डोकं पाण्याबाहेर आलं. मान एका बाजूला पडली होती, आणि नळी दातांत तशीच घट्ट होती.

त्याला पट्टीवर घेतलं. उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. ओठ निळे. फिटरनं पोशाख फाडला, काकांनी छातीवर दाब दिला, एकदा, दोनदा, मी मोजत गेले कारण मला दुसरं काही येत नाही. अकराव्याला तो खोकला. वहिनीच्या तोंडून असा आवाज निघाला की तो मला आजही झोपेतून उठवतो.

बऱ्याच वेळानं त्याचे डोळे उघडले. ते इकडे तिकडे फिरले आणि खांबाकडे जाऊन थांबले. तो काहीतरी पुटपुटत होता. मी वाकले.

"मिरचे," तो म्हणाला, "हिरवाच होता ना गं? मी दोनदा बघितला. मला वाटलं, वय झालं आता, लालचा हिरवा दिसला की काय."

दात वाजत होते, पाय तसा पडला होता, आणि त्याला काळजी होती ती ही, की आपण चुकलो तर नाही. बावीस वर्षांत तो एकदाही चुकीच्या पाण्यात उतरला नव्हता.

"हिरवाच होता, दादा," मी म्हणाले. "तू बरोबर बघितलंस. दिवा चुकीचा होता. तो माझ्या फंक्शनवर चालतो. नवे आकडे मीटरमध्ये येणार, असं मला कळवलं होतं. मी न बघता चालेल म्हणून टाकलं."

मी हे मोठ्यानं बोलले. आता हळू बोलण्यात अर्थ नव्हता. दादानं डोळे मिटले. सुटल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाला, "बरं." तेवढंच.

माझ्या खांद्यावर वहिनीचा हात होता. तो निघाला. ती माझ्या मागून उठून पलीकडे गेली, दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं त्याचे केस पुसू लागली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. चावीकाकाही बघत नव्हते. ते त्यांच्या दोन दोऱ्यांची गुंडाळी करत होते.

शंकाबाईनं बोलावलेली रुग्णवाहिका फाटकापर्यंत आली. दादाला उचलून त्यांनी आत घेतलं, वहिनी मागून चढली. एक पाय अनवाणीच. मीही पायरीवर पाय ठेवला. आत पेशंटबरोबर दोन माणसांना जागा होती.

"तुम्ही पत्नी ना?" रुग्णवाहिकेतल्या माणसानं कागदावर लिहीत वहिनीला विचारलं. "आणखी कुणी नातेवाईक आहेत इथे? बरोबर येणारे?"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, नीट.

"नाही," ती म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.